पाटी उतरवायचा ओटा

अमडापूर, १२ फेब्रुवारी १९६४

आज एसटीच्या नव्या थांब्याचं उद्घाटन झालं. हवेशीर आहे, फरशी गुळगुळीत, भिंतीलगत बाकं. ओव्हरसियर म्हणून यांच्या गळ्यात हार पडला. बायकांत बसून मीही टाळ्या वाजवल्या. आता त्याचीच चीड येतेय.

तिथे आधी छातीइतका उंच दगडी ओटा होता. वांग्यांची पाटी घेऊन आलेली बाई त्याला खेटून उभी राहायची, जराशी वाकली की पाटी ओट्यावर. निघताना तशीच परत डोक्यावर. यांनी तो पाडला. ओबडधोबड दिसत होता म्हणे.

भाषण चालू असताना एक माळीण भरली पाटी घेऊन आली आणि ओटा शोधत उभीच राहिली. बाकं तिच्या गुडघ्याइतकी, त्यांवर पुरुषमंडळी बसलेली. एकही उठला नाही. शेवटी मीच जाऊन पाटीला हात लावला. तिची मान थरथरत होती.

"पह्यले माह्या हातानं उतरवत होती, बाई. कोनाले म्हनाचं काम नोतं."

जेवताना यांना सांगितलं.

"एवढे बाकं देल्ले ना? बसा म्हना त्याईले."

"डोक्यावर पाटी घेऊन?"

यांनी ताटातली भाकर संपवली. छातीइतका ओटा. त्याच्यासमोर उभं राहून यांनी इतके दिवस मापं घेतली, आणि तो कशासाठी आहे हे एकदाही विचारलं नाही?

मग म्हणाले, भाकर वाढ. टोपलं माझ्या मांडीशीच होतं.

म्हटलं, घ्या आपल्या हातानं.