डाव्या पिळाचा दोर

आबा, तुम्हांला जाऊन चौतीस वर्षे झाली. मी सध्या मुलाकडे हवाई बेटावर राहतो. हाही अमेरिकेचाच मुलूख आहे. प्रकृती उत्तम आहे. घराजवळ जपानी लोकांचे जुने शिंतो देवस्थान आहे. उसाच्या मळ्यांवर मजुरीस आलेल्यांनी ते बांधले. आत जाण्यापूर्वी हात धुऊन चूळ भरावी लागते, त्यामुळे मला तेथे परके वाटले नाही. वर्ष सरताना दारावरचा भाताच्या पेंढ्याचा दोर उतरवून नवा बांधतात. वस्तीतील माणसे तो एकत्र बसून वळतात.

गेल्या रविवारी नातीला घेऊन मीही त्यांच्यात बसलो. चौथी शिकलेल्या माणसापाशी या देशात दाखविण्यासारखे फार नसते. दोर मात्र मला येतो. तळहातांत पीळ देणे, सांधा दिसू न देता नवी जुडी घालणे, हे तुम्ही गोठ्यापुढे बसवून शिकविलेले. मी चार हात दोर वळला, सुरीचे टोकही शिरू नये इतका घट्ट. देवस्थान सांभाळणाऱ्या वृद्ध बाईंना सारे आंटी म्हणतात. त्यांनी तो हाती घेतला, मान डोलावली आणि माझ्यादेखत उकलू लागल्या.

तुम्हीही एकदा पाहुण्यांसमोर माझा दोर उकलला होता. मी न जेवता शेतावर निघून गेलो आणि पुन्हा कधी तुमच्याशेजारी दोर वळायला बसलो नाही. रविवारीही मी उठून चपला शोधू लागतो. नात हात धरते. "आजोबा, थांबा ना. शी इज नॉट अँग्री. तुमचा बेस्ट आहे, पण तसा काऊला बांधतात. देवाचा रोप लेफ्टला फिरवायचा." मागून बाई काही बोलतात, सारे हसतात. नात सांगते, "त्या म्हणतात, अंकल, आमचा देव पळून जात नाही, इतका घट्ट नको."

मलाही हसू आले. मी परत बसलो. साठ वर्षांची सवय हात सोडीनात. दुपारपर्यंत डाव्या पिळाचा वीतभर दोर जमला, आणि तो बाईंनी उकलला नाही. नववर्षाच्या दिवशी माणसे त्याच्याखालून जातील, दोनदा वाकतील, दोन टाळ्या वाजवतील. त्यातील एक वीत माझी असेल. या वयात एवढे पुष्कळ झाले.

निघताना बाईंनी विचारले, कोणी शिकविले? मी सांगितले, वडिलांनी. दोन्ही पीळ शिकविले होते, डावा मीच विसरलो. त्यांनी तुमच्यासाठी कमरेतून वाकून नमस्कार केला. आबा, हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहितो. मी खोटे बोललो, डावा पीळ तुम्ही कधी शिकविलाच नव्हता, आणि बाईंना खरे सांगण्यास अद्याप गेलेलो नाही.