व्यवसायाचा रकाना

अहो, नोंदणी कचेरीतल्या त्या साहेबाने काल आपल्या खरेदीखतावर माझ्या नावापुढे व्यवसाय म्हणून ‘काही नाही’ असं लिहिलंय. शुद्ध खोटं! त्याची चाकांची खुर्ची ज्या फरशीवरून लोण्यासारखी सरकते, ती फरशी गुडघे टेकून मी बसवली आहे.

डोंगराच्या पायथ्याचं घर आणि मागची तीन एकर जमीन आता आपली झाली. बावीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या घातल्या, आता स्वतःच्या घरात घालीन आणि एकही तिरकी बसणार नाही. पण कागदावर रिकामटेकडी म्हणून राहणार नाही. ते दुरुस्त करून घ्यायला सकाळीच निघाले आहे. थापी आणि ओळंबा सोबत घेतलाय, साहेबाच्या टेबलावरच ठेवते.

जेवण झाकून ठेवलंय. नव्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी थेट तिकडेच या, वरच्या कुंपणापर्यंत चालत जाऊ.

फक्त एक सांगा. साहेब ते लिहीत होता तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून मान डोलावलीत. का? उत्तर याच कागदाच्या मागे लिहून आणा.