वरचं बटण

बाबा, काल मी तुम्हाला पाहिलं.

आई परवा गेली. तिचं एकच मागणं होतं: "माले त्यासनाजोडेच ठेवजो. उठसूत तव्हय सोबत उठसूत." म्हणजे तुमच्याशेजारीच, उठाल तेव्हा सोबत उठायला. आपल्या कब्रस्तानात आता नवी जागा उरलेली नाही. घरातलं जुनं थडगं पुन्हा उघडतात, आधीची हाडं गोळा करून कडेला ठेवतात आणि नवी शवपेटी उतरवतात. मला हे नवं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरच्या अशा वेळी मी तिथे उभा राहून पवित्र शास्त्राचा शेवटचा भाग कितीदा वाचलाय. कर्णा वाजेल, मेलेले उठतील, डोळ्यांतलं पाणी पुसलं जाईल. आवाज कधी अडकला नाही. आत तुमची हाडं असतील, एवढीच मनाची तयारी करून मी काल सकाळी गेलो.

पण शर्ट होता. उधन्याच्या कारखान्यातून तुम्ही आणलेल्या पांढऱ्या पॉलिस्टरच्या तुकड्याचा. शिवून आला त्या दिवशी तो चुरगळून दाखवत तुम्ही हसला होता, "माणूस झिजी जाई, हाई कापड नही." तुमचा सगळ्यात चांगला शर्ट म्हणून आम्ही तोच घालून तुम्हाला पुरलं. मातीत त्याचं काय होईल, हे या कापडाच्या शहरात आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पेटीचं लाकूड गेलं होतं. तुम्ही गेला होतात, हाडं तेवढी उरली होती. शर्ट मात्र खिशासकट, शिवणीसकट, प्रभू येणार त्या पूर्वेकडे तोंड करून पडलेला. मी खड्ड्याच्या काठावर बसलोच.

आत उतरलेला खोदणारा गुजरातीत म्हणाला, "काका, शर्ट तो एकदम सारुं छे. फेंकी दऊं?"

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की तोच दचकला.

"बस बस, काका. नथी फेंकतो."

खरं सांगतो, त्या क्षणी मी आजवर वाचलेलं सगळं खोटं वाटलं. उठणार काय, शर्ट? आईला काय म्हणून इथे ठेवू? खड्डा बुजव, असं त्याला सांगणारच होतो. तेवढ्यात दिसलं, वरचं बटण उघडं आहे. पुरलं तेव्हा तुमच्या मानेला सूज होती, ते लावता आलं नसेल.

आपल्या भेस्तानच्या खोलीचं दार आठवलं. रविवारी प्रार्थनेला निघताना तुम्ही माझी कॉलर धरता. "बटन लाव. प्रभू आज उना तं अशाच उभा ऱ्हाशी का?" उकाड्यात गळा आवळतो, मी कुरकुरतो. शेवटच्या दिवसाचं, प्रभू परत येण्याचं नाव काढलं की बाकीची माणसं घाबरायची आणि तुम्ही लग्नाला निघाल्यासारखे भांग पाडायचात. मला ते रागावणं वाटायचं. तुम्ही खरोखर वाट बघत होता, बाबा. हे मला काल, तुमच्या हाडांसमोर कळलं.

दुपारी आईला तुमच्याजवळ ठेवलं. वाचताना "उठतील"वर माझा आवाज अडकला. लोकांना वाटलं, आईसाठी.

हा कागद कुठे पाठवणार? पण एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. सकाळी खोदणारा हाडांसाठी चादर आणायला वळला, तेव्हा मी खाली उतरलो आणि तुमचं बटण लावलं. आत मान नव्हती. तरी गळ्याशी एक बोट जातं का, ते घालून बघितलं.