तातीला बांधलेला हिरवा दोरा

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी माझा राग काही शिळा होत नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. व्हायोलिन हातात धरायला तुम्हीच शिकवलंत, आणि सारंग्या दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीला मिशनच्या शाळेत मास्तरीणही तुम्हीच केलंत. एवढं करून ठेवलंत, म्हणून तुमच्यावर धड चिडता येत नाही, आणि चिडल्याशिवाय राहवतही नाही.

गिरणीच्या इंजिनियर साहेबाची मडम विलायतेहून जुनी वाद्यं घेऊन आली, तिथून हे सुरू झालं. दोन व्हायोलिनं आणि मांडीत धरून वाजवायचं एक मोठं वाद्य. वाजवायच्या कमानीसुद्धा जुन्या घडणीच्या, बाहेरून बाक असलेल्या. दोनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्याच वाद्यांवर वाजलं पाहिजे, असा तिचा हट्ट. लोखंडी तार म्हटली की नाक मुरडायची. आतड्याची तातच हवी. पण विलायतेची ती नाजूक तात सोलापूरच्या चैत्रात कुठली टिकायला! मडमेच्या बंगल्यात आपल्या तिघींचा कार्यक्रम ठरला होता, त्याच्या तालमीतच ती पटापट तुटायला लागली, जवळच्या सगळ्या संपल्या, आणि तुम्ही पदर खोचून आमच्या दुकानात आलात. अब्बा ढोलकीला कातडं चढवत बसले होते. घरोघरी बाजाची पेटी आल्यापासून सारंगीला विचारतंय कोण? तात वळायचा योग त्यांना वर्षातून एकदा यायचा. "उस्ताद, एवढी बारीक जमेल का?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा ते हसले. "जमंल की बाई, न जमायला काय झालं? फकस्त माजं येक काम करा. ऐकायला मोठी मोठी लोकं येणार. ही तात सोलापुरात वळली, ह्या माणसानं वळली, येवढं त्यास्नी सांगा. पुण्या-मुंबईचे वाजवणारे मागवतील. न्हाईतर हे काम माज्यासंगंच जाणार बगा." तुम्ही म्हणालात, "सांगेन म्हणजे काय, नाव घेऊन सांगेन." मी तिथंच उभी होते.

बारा दिवस अब्बांना दुसरं काही सुचत नव्हतं. आतडी भिजवायची, खरवडायची, पीळ देऊन सावलीत ताणायची. सारंगीची तात जाड, ही केसाएवढी. पहिल्या सात-आठ वाया गेल्या. अम्मी वासानं वैतागून माडीवर जाऊन बसायची. शेवटी जमली, तेव्हा अब्बांनी एकेका तातीच्या टोकाला हिरवा रेशमी दोरा बांधला. आमच्या घरची खूण ती, आजोबांपासूनची. मी व्हायोलिनवर चढवून कमान ओढली, तर घोगरा, मऊ, अगदी माणसाच्या गळ्यासारखा सूर निघाला. अब्बा म्हणाले, "अगे, ये तो सारंगी की सगी बहन है!"

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मडमेच्या बंगल्यात चाळीसेक माणसं जमली. वकील, डॉक्टर, गिरणीचे साहेब, त्यांच्या बायका. पहिलं व्हायोलिन तुमचं, दुसरं माझं, मांडीतलं वाद्य मडमेचं. अब्बांना व्हरांड्यात खिडकीपाशी खुर्ची दिली होती. इस्त्रीचा कोट घालून बसले होते. मी सूर जुळवायला खुंटी पिळली, आणि बघते तर खुंटीपाशी हिरवा दोरा नाही. तुमच्या व्हायोलिनवरही नाही. कात्रीनं नीट कापलेले. मला वाटलं, दिसायला बरं दिसत नसेल म्हणून तुम्ही कापले असतील. वाजवायला लागलो आणि मी सगळं विसरले. तुम्ही एक ओळ म्हणायचात, मी मागून तीच धरायचे, तुम्ही पुढं निघून जायचात, मी पुन्हा गाठायचे. तसं मी पुन्हा कधी वाजवलं नाही, बाई.

मग टाळ्या झाल्या आणि जज्जसाहेबांच्या बायकोनं इंग्रजीत विचारलं, इतका गोड आवाज, ह्या ताती कुठल्या? तुम्ही मडमेकडं पाहिलंत आणि म्हणालात, "इटलीच्या. मुंबईच्या दुकानातून मागवल्या." मडमेनं खुशीत मान हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही तिलाही हेच सांगितलं होतं. बाजारातल्या सारंगीवाल्याची तात आहे म्हटल्यावर ती हात लावणार नाही, अशी तुम्हाला धास्ती. लावलीही नसती कदाचित. पण मला विश्वासात घ्यायला काय झालं होतं? आणि वाजवून झाल्यावर, सगळे वाहवा करत असताना, तेव्हा तरी काय नडलं होतं? मी तुमच्याकडं बघत राहिले. तुम्ही पुढच्या तुकड्यासाठी मान हलवलीत, आणि मी निमूट कमान उचलली. लाज वाटते सांगायला, पण उचलली.

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. फाटकाबाहेर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "क्या बोले गे बाई? मेरा नाम लिये क्या?" मी म्हटलं, "लिये की अब्बा. दो बार लिये." घरापर्यंत माणूस तरंगत चालला होता. दुसऱ्या दिवशी शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन ते शाळेत आले, तुमच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "बाई, चार लोकांत माजं नाव घेतलं, लई बरं वाटलं बगा." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. डोळे भरले होते तुमचे. मग म्हणालात, "घ्यायलाच हवं होतं, उस्ताद." केवढी हुशारी! अब्बांनी त्या आनंदात आणखी दोन डझन ताती वळून ठेवल्या. पुण्याचं कुणी आलं नाही, मुंबईचंही नाही. लोकांच्या ध्यानात राहत नाही, अब्बा म्हणायचे. तिसऱ्या वर्षी ते गेले, आणि त्यांचं काम त्यांच्यासंगं गेलं.

पुढं मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुमच्या आजारपणात दोनदा बोलावणं आलं, आले नाही. सगळ्यांना सांगत आले की बाईंनी दगा दिला, आणि दिलातच तुम्ही. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. अब्बा तुमच्यापुढं हात जोडून उभे होते ना, तेव्हा वर्गाच्या दाराशी उभी राहून मी मनात दुवा मागत होते, की ह्या बाईनं आता खरं बोलू नये.