तिसऱ्या इंजेक्शननंतर

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींनाही सांग, पण त्यांचा चहा पिऊन झाल्यावर. माझं नाव निघालं की त्यांच्या तोंडाची चव जाते. चिमणीचे दात आले का? तिला म्हणावं, मामा तुला विसरलेला नाही.

मी बरा आहे. फोटो-फ्रेमच्या दुकानात अजून टिकून आहे, याचं माझ्यापेक्षा मालकांनाच जास्त नवल वाटतं. काच कापायचं काम आता माझ्याकडे आलंय. कटर एकदा टेकवला की न थांबता ओढायचा. हात कचरला की काच भलतीकडेच तडकते. हल्ली माझा हात थरथरत नाही. बहुतेक वेळा नाही.

तुझी अट पूर्ण केली. कावीळ बीच्या लशीची तिन्ही इंजेक्शनं झाली. 'घरात लहान मूल आहे, लस पूर्ण कर आणि मग खुशाल राहायला ये,' असं लिहिलं होतंस. म्हणजे या रविवारी मी बॅग घेऊन तुझ्या दारात हवा होतो. पण दुकानात कामाचा ढीग पडलाय, त्यामुळे जरा पुढे ढकलतोय. रागावू नकोस.

आणखी एक बारीकशी गोष्ट राहिलीय. नशेची सुई घेणाऱ्यांना जिथे नव्या सुया आणि लस मिळते, त्या केंद्रावरच्या नर्सबाईंनी काल माझं रक्त तपासायला घेतलं. मी म्हटलं, "लस दिलीत ना? मग आता ही कसली परीक्षा?" त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना लस लागू पडते, पण इतरांच्या मानाने कमी जणांना. अंगात ताकद नसते, लिव्हर थकलेलं असतं. टोचली म्हणजे लागू पडली, असं धरून चालायचं नाही."

मग शीरच सापडेना. बाई हातावर टिचक्या मारताहेत आणि मी छताकडे बघतोय. शेवटी मीच पायाची शीर दाखवली. त्यांनी पाय धरला आणि तिथल्या ताज्या खुणेवर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "मधे कुणाची सुई वापरलीत का? वापरली असेल तर आत्ताच सांगा. लस लागू पडली नसेल तर वेगळं इंजेक्शन देता येतं, पण आठवडा उलटायच्या आत. नंतर देऊन उपयोग नाही."

मी म्हटलं, "छे हो."

गुरुवार

पत्र टाकायचं राहून गेलं. हेही खोटंच. खिशात घेऊन फिरत होतो.

रिपोर्ट आला. लस लागू पडलेली नाही. बाई म्हणाल्या, पुन्हा देऊ, जास्त डोसची. दुसऱ्या खेपेला पुष्कळांना लागू पडते. चिमणीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, उचलून घेतल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, फक्त तुमचं रेझर वेगळं ठेवा. मी नुसती मान डोलवत होतो.

ताई, माझ्या खोलीतला लंबू आठवतो? बसायला जागा कमी पडते म्हणून गुडघे पोटाशी घेऊन बसायचा तो. तो दवाखान्यात आहे. डोळे पिवळेजर्द झालेत. काल भेटायला गेलो तर मला म्हणतो, "तू कशाला घाबरतोस लेका? तू तर लसवाला!"

गेल्या शनिवारी त्याची सुई घेताना मीही हेच म्हटलं होतं. केंद्र बंद झालं होतं, खोलीत नवी सुई नव्हती. माझी तिन्ही झालीत, मला काय होतंय! बाकीचे रोग तर डोक्यातही आले नाहीत. ती इंजेक्शनं झाली नसती तर मी त्या सुईला हात लावला नसता, एवढी अक्कल मला नक्की होती.

परवा म्हणजे शनिवार. तो उलटला की आठवडा संपला, मग त्या वेगळ्या इंजेक्शनचाही उपयोग नाही. मला भयंकर भीती वाटतेय, ताई. काच कापताना आज दोनदा हात कचरला. तरी बाईंसमोर तोंड उघडत नाही, कारण मी सोडलंय असं त्यांना सांगून बसलोय. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती.

एक विचारू? तू लशीची अट घातलीस, पण 'सोडलंस का?' असं एकदाही विचारलं नाहीस. उत्तर माहीत होतं म्हणून ना? तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता वाटतं, विचारायला हवं होतंस.

मालकांकडून अर्धा दिवस सुट्टी घेतलीय. हे पेटीत टाकतो आणि तसाच केंद्रावर जातो. आधी पत्र, कारण एकदा ते पेटीत पडलं की बाईंना पुन्हा 'छे हो' म्हणायला तोंड राहणार नाही.

मला घरी बोलावू नकोस एवढ्यात. फक्त उत्तर लिही, आणि त्यात तो प्रश्न विचार. कितीही वाईट असलं तरी या वेळी खरं तेच लिहीन.

तुझाच,
धाकटा