ओढ्याकडच्या शेताची नांगरट

३ ऑक्टोबर

ती. बाबांना,

सा. न. (पैकी साष्टांग आपोआपच घडतं आहे, कारण पाय प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे मी दिवसभर आडवीच असते.)

कोंबड्यांच्या खुराड्याच्या छपरावरून पडून पाय मोडून घेणारी आपल्या घरातली मी पहिलीच, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगते. डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. इस्पितळ आत्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, म्हणून मुक्काम इथेच. तुम्ही माझ्या धाकट्या भावाकडचं सगळं सोडून शेतावर जाऊन राहिलात हे कळलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि या घरात आत्याखेरीज कुणी मोठ्याने बोललेलं चालत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

स्वयंपाकघराच्या दारामागे दोन पानांची यादी चिकटवली आहे. कोंबड्यांचं चाकाचं खुराडं दर तिसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे सरकवायचं. खताच्या ढिगावर आठवड्यातून दोनदा पाणी मारायचं. भोपळे काढताना देठ ठेवायचा. तांबडी शेळी तोंडाला लागेल ते खाते, तिच्यापासून कपडे जपा. ओढ्याकडच्या शेतात सध्या काही काम नाही, म्हणून ते यादीत नाही.

पाच वर्षांपूर्वी शेत माझ्या हाती दिलंत तेव्हा म्हणाला होतात की आता यात नाक खुपसणार नाही, आणि खरंच खुपसलं नाहीत. आता सहा आठवडे खुशाल खुपसा. कंबर सांभाळा, आणि माझ्यावरचा लोभ एक पाय कमी असला तरी पूर्वीइतकाच राहू द्या.

आपली,
भिंगरी

११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे मी, दोन शेळ्या आणि एकवीस कोंबड्या खुशाल.

तांबड्या शेळीबद्दल लिहिलंस ते कमीच लिहिलंस. माझ्या सदऱ्याची एक बाही तिने परवा फस्त केली. कोंबड्यांना तुझ्या राज्यात दर तीन दिवसांनी हवापालट मिळतो, आमच्या वेळी माणसांनाही मिळत नसे. पण सरकवतो आहे, एक दिवसही चुकलेला नाही.

आता मुख्य बातमी. तुला न विचारता केलं, कारण तू आल्यावर एकदम दाखवायचं होतं. पण माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. ओढ्याकडचं शेत मी नांगरून घेतलं. ते पाहून मला भडभडून आलं होतं. मक्याची धसकटं तशीच, वर ताटं आडवी पडलेली, मधे तण, वाटाणा, काय वाटेल ते. लसूणघाससुद्धा दिसली, ती बहुधा शेळ्यांच्या चाऱ्यातून सांडली असावी. गेली पाच वर्षं मी येऊन हे बघायचो आणि शब्द दिलाय म्हणून तोंडाला कुलूप लावायचो. मला कळत होतं की एकटीला झेपत नाही, आणि तू पडलीस माझी मुलगी, मदत काही मागायची नाहीस.

ट्रॅक्टरवाल्याकडून खोल नांगरट करून घेतली, आडवी आणि उभी. मागोमाग पाखरांची ही झुंबड उडाली. लहानपणी तुला खांद्यावर बसवून दाखवायचो, आठवतं का? संध्याकाळी बांधावर बसून बघत राहिलो. सगळं काळंभोर, सरळ, एक काडी वर दिसत नाही. पलीकडे कुंपणालगत ट्रॅक्टर वळेना, त्यामुळे तिथे दोन हात रुंदीची पट्टी राहिली, तेवढं चालवून घे.

खरं सांगू का, धाकट्याकडे मला काही कमी नाही, पण काही कामही नाही. त्या दिवशी पाच वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपला अजून उपयोग आहे. पाय लवकर बरा कर. आत्याला उलट उत्तरं देऊ नकोस.

तुझा,
बाबा

१८ ऑक्टोबर

ती. बाबांना,

सा. न.

पत्र मिळालं. शेत नांगरून घेतलंत, फार उपकार झाले. या वयात तुम्हाला उगाच दगदग झाली. आता जरा आराम करा. कुंपणाजवळची पट्टी राहिली त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती तशीच असू द्या, तिला हात लावू नका.

पाय बरा आहे. आत्या बरी आहे. हवाही बरी आहे. हात दुखतो म्हणून जास्त लिहीत नाही. लोभ असावा.

आपली,
भिंगरी

१९ ऑक्टोबर

चि. बंड्यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. ते या पत्रापुरते राखून ठेवले आहेत, शेवटपर्यंत वाचलंस तर मिळतील.

भिंगरीचं गोड पत्र मी कालच पेटीत टाकलं. पाय मोडलेल्या मुलीचा हात कसा दुखतो, हा प्रश्न तुला पडणार नाही हे मी जाणते. त्याआधी तिने चार पत्रं लिहून केराच्या टोपलीत टाकली. ती मी वाचली नाहीत असं म्हणणार नाही. तुझं पत्र आलं तेव्हापासून दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. जेवणाचं ताट तसंच परत जायचं.

खनपटीला बसले तेव्हा बोलली. ओढ्याकडचं शेत तिने पाच वर्षं मुद्दाम नांगरलं नव्हतं. जमीन उलथायची नाही, उघडी टाकायची नाही, एक पीक काढलं की तिच्यात दुसरं काहीतरी हिरवं उभं ठेवायचं. जुन्या मुळ्या आत कुजतात, वरचा पालापाचोळा ओल धरतो, आणि नांगराचं काम गांडुळं करतात. असं तीन-चार वर्षं सांभाळलं म्हणजे माती पुन्हा जिवंत होते म्हणे. तुला चाऱ्यातून सांडलेली वाटली ती लसूणघास तिने बी आणून पेरली होती, शहाण्या.

आणि एवढं होऊन तिचं म्हणणं काय, तर बाबांना कळू द्यायचं नाही, ते थकलेत, त्यांचं मन मोडेल. मला हे पटलं नाही. तीस वर्षं मी शाळा चालवली. ज्या मुलाला रागावणं आम्ही बंद करायचो, त्याच्याकडून आम्ही काही अपेक्षाच ठेवलेली नसायची. तुझ्या बाबतीत ती वेळ आलेली नाही असं माझं मत आहे. मी हे तुला कळवलं, हे तिला खुशाल सांग.

आता आशीर्वाद घे.

तुझी,
ताई

२५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. ताईने सगळं कळवलं.

पत्र आलं त्याच्या आधी इथे दीड दिवस पाऊस पडून गेला होता. वाचलं आणि तसाच फावडं घेऊन शेतावर गेलो. नांगरटीवरून पाणी वाहून ओढा चहासारखा झाला होता. जिथे पाणी ओसरलं तिथे मातीने वर कवच धरलं होतं, टाच मारली तरी फुटेना. मग कुंपणाजवळच्या पट्टीत गेलो. तिथे पाणी साचलेलं नाही, वाहिलेलं नाही, सगळं आत. फावडं नुसतं टेकवलं तर पात्याभर खाली गेलं. माती हातात घेतली. अशी माती मी लहानपणी आजोबांच्या वेळी पाहिली होती, नंतर नाही. पन्नास वर्षं मी हीच जमीन कसली आणि ती अशी होऊ शकते हे मला कळलं नाही.

कपाटात तुझी वही सापडली. दर ऑक्टोबरात एका फावड्याच्या मातीत किती गांडुळं, ते लिहिलं आहेस. तीन, सात, बारा, बावीस, एकतीस. यंदाची मी मोजली. पट्टीत चौतीस. नांगरटीत दोन, त्यातलं एक अर्धं. पाखरं त्या दिवशी कशाला जमली होती ते आता समजलं. मी मात्र कौतुकाने बघत बसलो होतो.

भिंगरे, चुकलं माझं. तुझी माफी मागतो.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेच ट्रॅक्टरवाल्याने आपल्या मनाने केलं असतं, तर तू त्याची सालटी काढली असतीस. मला मात्र लिहिलंस, फार उपकार झाले. शेत बिघडल्यापेक्षा ते मला जास्त लागलं. म्हणजे तुझ्या लेखी मी शेतकरी उरलो नाही, फक्त ज्याचं मन सांभाळायचं असा म्हातारा उरलो. तसा पाहुणा होऊन मला तुझ्याकडे राहायचं नाही. तू बारा नोव्हेंबरला येणार, मी अकरा तारखेच्या सकाळच्या गाडीने धाकट्याकडे परत जातो. पिशवी भरून ठेवली आहे.

नाहीतर मला नीट रागावून लिही. कामातल्या माणसाला लिहितात तसं, काय चुकलं आणि आता काय करायचं ते. तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. राग असावा ही विनंती.

तुझा,
बाबा

३० ऑक्टोबर

ती. बाबांना,

नमस्कार. साष्टांग राग उतरल्यावर घालीन.

मागितलंत ना, मग घ्या. पाच वर्षांचं काम तुम्ही एका दिवसात उलथून टाकलंत. एक पोस्टकार्ड टाकून विचारायला काय झालं होतं? मी उशीत तोंड घालून रडले. नांगरटीपेक्षा मला राग कशाचा आला सांगू? पाच वर्षं तुम्ही ते शेत बघून माझी कीव करत होतात. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तुमच्या डोळ्यांसमोर होतं आणि तुम्हाला वाटलं, पोरीला झेपत नाही. एकदा तरी विचारायचंत की हे असं का ठेवलंयस. शब्द दिला होता म्हणे. नाक खुपसू नका म्हणजे तोंडही उघडू नका असं नव्हतं.

आता माझं. मीही कधी सांगितलं नाही. तुम्ही हसाल याची भीती वाटायची, आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर माझा धीर सुटला असता. पाच पिकं आधी दाखवायची आणि मग सांगायचं, असं ठरवून बसले होते. दोन पानांच्या यादीत शेळीच्या सवयी लिहिल्या आणि नांगरू नका एवढे दोन शब्द लिहिले नाहीत. उपकाराचं पत्र लिहिलं ते मात्र खोटं होतं, ते फाडून टाका.

आता काम. जमीन आणखी एक आठवडा उघडी राहता कामा नये. कोठीत मधल्या फळीवर ओट, वाटाणा आणि लसूणघासीचं बी आहे. तिन्ही एकत्र करून हाताने फेकून पेरा. मी फेकते तेव्हा कुठे दाट पडतं, कुठे टक्कल राहतं. तुमचा हात बसलेला आहे. वरून दाताळं हलकं फिरवा, खोल नको. मग गोठ्यामागचा पेंढा सगळीकडे पातळ पसरा. पट्टीतली आठ-दहा घमेली माती घेऊन शेतभर थोडी थोडी टाका, म्हणजे गांडुळांचं बी पडेल. पुन्हा पूर्वीसारखं व्हायला तीन-चार वर्षं लागतील. मला एकटीला ती काढायची नाहीत.

बारा तारखेला दुपारच्या गाडीने येते आहे. स्टँडवर घ्यायला या, कुबड्या आणि सामान दोन्ही मला जमणार नाही. ही विनंती नाही.

आपली, अजून दोन दिवस तरी रागावलेली,
भिंगरी

६ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तीनदा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्याने, शेळ्यांसमोर. इतकी चांगली बोलणी मी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती.

मंगळवारी पेरून झालं, बुधवारी पेंढा पसरला. मातीवर आता कुठेही ऊन पडत नाही. पट्टीतली बारा घमेली टाकली, आठ मला कमी वाटली. ओट आणि वाटाण्याचं प्रमाण तू चुकीचं धरतेस असं माझं मत आहे. त्यावर तू आल्यावर भांडू, वेळ काढून ठेव.

बाराला दुपारी स्टँडवर आहेच. धाकट्याला पत्र टाकलं आहे, की माझी तिथली खोली आता मुलांना अभ्यासाला द्यावी.

तुझा,
बाबा