विमा पाडव्याला काढणार होते

२२ फेब्रुवारी १९७२
शेवगाव, दवाखान्यात. डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात. रविवारी जावई मार्तंडराव श्रीगोंद्याहून नवी जीप दाखवायला आले. नवी म्हणजे लष्कराच्या लिलावातली. मला आणि सौ. इंदूला तिसगावच्या बाजाराला घेऊन निघाले. वाटेत शेळी आडवी आली, जीप रस्त्याकडेच्या चारीत उलटली. शेळी वाचली. जावयांना खरचटलंही नाही, इंदूचं पातळ फाटलं, माझं उजवं कोपर मोडलं.
काळजीचं कारण नाही. मी पुण्याला लॉचं एक वर्ष केलेलं आहे. जखमी प्रवाशाला भरपाई विमा कंपनी देते. जावयांना तोशीस नाही आणि मला पैसे. इतका सोयीचा कायदा क्वचितच असतो.

२७ फेब्रुवारी
जावई केळी घेऊन भेटायला आले. विमा कंपनीचं नाव सहज विचारलं. म्हणाले, विमा पाडव्याला काढणार होतो, मुहूर्त चांगला. मग जीप पाडव्याआधी का काढली, असं विचारलं. म्हणाले, पेट्रोल भरून ठेवलं होतं.
मी अजिबात चिडलो नाही. ते गेल्यावर सगळी केळी एकट्याने खाल्ली.

१४ मार्च
प्लास्टर निघालं. हात सरळ होत नाही, वरही जात नाही. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं बसलं. पुण्याला ऑपरेशन लवकर झालं तर हात येईल, उशीर झाला तर असाच राहील. ऑपरेशन माझ्या पगारात बसत नाही. म्हणजे भरपाई हवीच.
शाळेत फळ्यावरही डाव्या हाताने लिहितो. हेडमास्तर म्हणाले, मागच्या बाकांना वाचता येत नाही. मी सांगितलं, महिनाभराचा प्रश्न आहे.

१९ मार्च
नगरला वकिलांकडे. लॉचं एक वर्ष झालेल्याला वकील लागत नाही, पण दुसरं मत असावं. म्हणाले, विमा नसला तरी दावा चालतो, पैसे गाडीच्या मालकाकडून वसूल होतात. मी म्हटलं, मग झालंच काम! त्यांनी विचारलं, मालक कोण? सांगितलं. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं आणि चहा मागवला. त्यांनाही मुली आहेत म्हणे.

२६ मार्च
निश्चय : दावा करायचा. कायद्यापुढे जावई, व्याही सगळे सारखे.
साक्षीदार भक्कम आहे. मला जीपखालून ओढून काढणारा तिसगावचा शेतकरी, बन्सी. आज बाजारात गाठला. म्हणाला, "मास्तर, जीप लई भरधाव हुती, म्या सोता पाह्यलं. पन साक्षीला येनार न्हाई. आमच्यात जावयानं जमीन नेली तरी सासरा बोलत न्हाई. तुमचं तर नुसतं कोपार हाय."
भक्कम साक्षीदाराशिवायही दावे जिंकले जातात.

२ एप्रिल
दाव्याचा मसुदा इंदूला वाचून दाखवला. भाषा जमली आहे. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की नोटीस येईल तेव्हा जावई कामावर असतील, मग दारात पोस्टमनला सही कोण देणार? आपली शोभाच ना?
लॉच्या पहिल्या वर्षाला हे नव्हतं. मसुदा ट्रंकेत ठेवला. तात्पुरता.

१५ एप्रिल
अधिक महिना लागला. शोभाच्या लग्नानंतरचा हा पहिलाच. जावयांना धोंड्याचं जेवण, वाण, आहेर, सगळं आलं. ऑपरेशनसाठी पतपेढीतून कर्ज घेतलं आहे, त्याला हात लावायचा नाही असं इंदूला बजावलं. फक्त अनारशांपुरता लावला.
नवा बेत : कोर्टाबाहेर तडजोड. जेवून जावई प्रसन्न झाले की ऑपरेशनचा विषय मोघम काढायचा.

७ मे
जावई आणि शोभा आले. मी गंध लावायला उठलो, पण हात त्यांच्या कपाळापर्यंत जाईना. मार्तंडरावांनी स्वतःहून मान खाली घातली. इतके नम्र जावई मिळायला भाग्य लागतं.
तेहतीस अनारशांचं वाण दिलं. जेवणं झाली. मी घसा साफ केला, तेवढ्यात तेच म्हणाले, अण्णा, अंगठी नको. जीपचा विमा तेवढा काढून द्या. तुमच्यासारखं पुन्हा कुणाचं व्हायला नको.
शोभा दारात उभी होती, माझ्याकडेच बघत. लग्नात अंगठी राहिली म्हणून तिने सासरी वर्षभर काय ऐकलं, ते मला ठाऊक आहे. हो म्हटलं. पोरीचा चेहरा असा फुलला, की मला माझीच लाज वाटली. पतपेढीचे पैसे दिले.

१४ मे
विम्याचा एजंट पावती द्यायला आला. त्याला विचारलं, आता जीपमध्ये माझ्यासारखं कुणाचं कोपर मोडलं तर? म्हणाला, रस्त्यावरच्या माणसाला मिळेल. गाडीत बसलेल्या पाहुण्यांना नाही, त्याचा हप्ता वेगळा. शेळीचं विचारलं. म्हणाला, तिच्या मालकाला मिळेल.
ऑपरेशन दिवाळीनंतर बघू. डॉक्टर काही वेळा उगाच घाबरवतात.
इंदूने ही वही पाहिली. म्हणाली, डाव्या हाताचं अक्षर आता उजव्यापेक्षा छान येतं. एवढं बोलून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीही आत गेलो नाही.